जीभ सुजली की आखडली?

“जीभ जाड झाली आहे, तोंडात मावत नाही, घसा कुणीतरी आवळतो आहे.” मानसिक आजारावरचे औषध नुकतेच सुरू झालेल्या माणसाने अशी तक्रार केली, की भोवतालचे लोक तिचा अर्थ साधारण तीन प्रकारे लावतात. कुणी म्हणते, औषधाची ॲलर्जी आली. कुणी म्हणते, याला गोळ्या घ्यायच्या नाहीत म्हणून नाटक चालले आहे. आणि मान वाकडी होऊन डोळे वर चढलेले दिसले, की कुणाला तरी बाहेरची बाधा आठवते. यांतला पहिला अर्थ क्वचित खरा ठरतो. उरलेले दोन त्या माणसाला दवाखान्याऐवजी भलतीकडे नेतात. बहुतेक वेळा मात्र खरे उत्तर चौथेच असते. जीभ सुजलेली नसते, आखडलेली असते.

सुजणे आणि आखडणे हा नुसता शब्दांचा फरक नाही. दोन्हींची कारणे वेगळी आहेत, उपाय वेगळे आहेत, आणि पुढे ते औषध घ्यायचे की कायमचे सोडायचे याचा निर्णयही त्यावर अवलंबून आहे. दोन्हींत श्वास अडू शकतो, म्हणून दोन्ही गंभीर आहेत.

हा विषय शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असे कुणी विचारील. छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया हा आजार बहुधा किशोरवयाच्या शेवटी किंवा तारुण्याच्या सुरुवातीला डोके वर काढतो, म्हणजे विद्यार्थी अकरावी-बारावीत किंवा कॉलेजात असताना. स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन हे याच गटातले औषध दिले जाते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने त्याला २००६ साली तशी मान्यता दिली. मळमळ-उलटीवर सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधेही मेंदूत हेच काम करतात. तेव्हा सहलीच्या बसमध्ये, वसतिगृहात किंवा परीक्षेच्या दिवशी ही वेळ आपल्यापैकी कुणावरही येऊ शकते.

औषध आले कोठून?

या कथेची सुरुवात ॲलर्जीवरच्या औषधांपासूनच होते. फ्रान्समधील रोन-पूलांक या कंपनीत पॉल शारपांतिये हे रसायनशास्त्रज्ञ फिनोथायझिन गटातील संयुगे तयार करत होते. या गटातले प्रोमेथाझिन हे ॲलर्जीवर गुणकारी ठरले होते. डिसेंबर १९५० मध्ये त्यांनी त्याच कुळातले आणखी एक संयुग बनवले. त्याचे नाव क्लोरप्रोमाझिन. हेन्री लाबोरी या शल्यचिकित्सकांनी ते शस्त्रक्रियेच्या रुग्णांना देऊन पाहिले. रुग्ण जागे असत, पण भोवतालच्या गोष्टींबद्दल अलिप्त आणि शांत दिसत. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकर यांनी ते गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांना दिले. भास आणि भ्रम ओसरू लागले. वर्षानुवर्षे कोठडीत असलेली माणसे बोलू लागली. मनोरुग्णांच्या उपचारातला हा फार मोठा बदल होता.

१९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झाले. ते क्लोरप्रोमाझिनपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम करी.

परंतु लवकरच दिसून आले, की ही औषधे घेणाऱ्या काहींचे हात थरथरतात, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो, म्हणजे कंपवातासारखी लक्षणे दिसतात. आणि काहींना, विशेषतः तरुणांना, औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत मान, जबडा, जीभ यांचे विचित्र आचके येतात. अशा रुग्णांचे निदान कधी धनुर्वात, कधी मेंदूज्वर, तर कधी हिस्टेरिया असे केले जाई.

मेंदूत काय घडते?

आपण हात उचलतो तेव्हा एक स्नायू आकुंचन पावतो आणि त्याचा विरोधी स्नायू सैल पडतो. हा ताळमेळ आपल्याला मुद्दाम राखावा लागत नाही. मेंदूच्या खोल भागातील चेतापेशींचे काही पुंजके तो राखतात. तेथे दोन रासायनिक निरोपे महत्त्वाचे असतात. एक डोपामाईन आणि दुसरा असिटिलकोलिन. एका चेतापेशीतून सुटलेले डोपामाईनचे रेणू दुसऱ्या पेशीवरच्या ठरावीक प्रथिनांवर जाऊन बसतात आणि निरोप पोहोचतो. या प्रथिनांना ग्राही म्हणतात.

डोपामाईन हा स्वतंत्र निरोप्या आहे हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले. त्यासाठी त्यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल डोपामाईनच्या ग्राहींना अडवत असावीत, अशी सूचनाही त्यांनी आणि त्यांच्या सहकारी लिंडक्विस्ट यांनी १९६३ साली केली. कुलपात भलतीच किल्ली जाऊन बसावी तसा हा प्रकार आहे. ती कुलूप उघडत नाही, आणि खऱ्या किल्लीलाही आत जाऊ देत नाही.

मेंदूच्या ज्या मार्गांत डोपामाईनच्या निरोपांचा अतिरेक होऊन भास-भ्रम निर्माण होतात, तेथे ही अडवणूक हितकारक ठरते. पण औषध रक्तातून मेंदूत सगळीकडेच जाते. हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या भागातही ते पोहोचते. तेथे डोपामाईन आणि असिटिलकोलिन तराजूच्या दोन पारड्यांसारखी असतात. एक पारडे अचानक हलके झाले, की दुसरे जड होते. असिटिलकोलिनचा जोर वाढतो आणि काही स्नायू, विशेषतः डोके आणि मान यांचे स्नायू, आकुंचन पावून तसेच राहतात. याला डिस्टोनिया म्हणतात. मेंदूतली यंत्रणा प्रत्यक्षात याहून गुंतागुंतीची आहे, पण उपचार समजायला तराजूचे हे चित्र पुरेसे आहे.

किती ग्राही अडवले म्हणजे असे होते? टोरांटो येथे शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हॅलोपेरिडॉल घेणाऱ्या २२ रुग्णांच्या मेंदूंची विशेष चित्रे घेऊन हे मोजले. सुमारे ६५ टक्के ग्राही अडले की गुण येण्याची शक्यता बरीच वाढते. सुमारे ७८ टक्क्यांच्या पुढे हालचालींचे दुष्परिणाम वाढतात. गुण आणि दुष्परिणाम यांच्यातली पट्टी ही एवढी अरुंद आहे. म्हणून मात्रा कमी ठेवून हळूहळू वाढवणे हा डॉक्टरांचा कंजूषपणा नसतो. आणि ‘लवकर बरे वाटावे’ म्हणून घरच्यांनी मनानेच एक गोळी जास्त देणे धोक्याचे असते.

तरुणांनाच हा त्रास अधिक का होतो? वयाबरोबर मेंदूतील डोपामाईनच्या या ग्राहींची संख्या घटत जाते, हे त्याचे एक कारण मानले जाते. तरुण पुरुष, पूर्वी असा त्रास झालेले आणि कोकेनसारखी नशा करणारे यांना धोका अधिक असतो. उलटीच्या औषधाने असे आचके येण्याचे प्रमाणही मुलांत आणि तरुणांत जास्त आहे. युरोपीय औषध संस्थेने म्हणूनच २०१३ साली मेटोक्लोप्रमाइडवर मर्यादा घातल्या. एक वर्षाखालील बालकांना ते देऊ नये, आणि इतरांनाही पाच दिवसांहून अधिक देऊ नये, असे सांगितले.

न सुजलेली जीभ सुजल्यासारखी का वाटते?

आपल्या हातापायांचे स्नायू हाडांना धरून काम करतात. जिभेत हाड नाही. ती जवळजवळ सगळी स्नायूंचीच बनलेली आहे. तिच्यात लांबीच्या दिशेने, रुंदीच्या दिशेने आणि वरून खाली जाणारे स्नायुतंतू एकमेकांत विणलेले असतात. शिवाय काही स्नायू तिला जबड्याशी, कवटीशी आणि घशातल्या एका लहान हाडाशी जोडतात. हत्तीची सोंड आणि अष्टपादाचे बाहू याच जातीचे. १९८५ साली किअर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी अशा अवयवांमागचे तत्त्व स्पष्ट केले. स्नायूत मुख्यतः पाणी असते, आणि पाणी दाबून लहान होत नाही. म्हणून अशा अवयवाचे आकारमान कायम राहते. तो एका दिशेने आखूड झाला, की दुसऱ्या दिशेने फुगतो.

हे वर्गात सहज दाखवता येते. एक लांबट फुगा पाण्याने भरून तोंड बांधा. मधे मुठीने दाबला की तो दोन्ही टोकांकडे वाढतो. टोके एकमेकांकडे ढकलली की मधे फुगतो. आतले पाणी तेवढेच राहते.

आता जिभेचे लांबीच्या दिशेतले स्नायू आखडले, तर ती आखूड, जाड आणि कडक होते. बाहेरच्या स्नायूंनी तिला पुढे ओढले तर ती दातांबाहेर येते. एका बाजूने ओढली गेली तर वळते. बोलणे बोबडे होते, थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते. रुग्ण म्हणतो, “जीभ सुजली.” त्याला जे जाणवते त्याचे हे अगदी प्रामाणिक वर्णन असते. फरक इतकाच, की जिभेत बाहेरून द्रव आलेला नसतो.

श्वासमार्गाचे गणित

जिभेच्या मुळामागे घसा, आणि त्याखाली स्वरयंत्र. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. श्वास घेताना ते एकमेकांपासून दूर होतात, बोलताना जवळ येतात. त्यांना हलवणारे स्नायूही डिस्टोनियाच्या तडाख्यात सापडू शकतात. मग श्वास आत घेतानाच दार मिटू लागते. श्वास घेताना बारीक, कर्कश शिट्टीसारखा आवाज येतो. १९७८ साली फ्लॅहर्टी आणि लाहमेयर या डॉक्टरांनी, हॅलोपेरिडॉल घेणाऱ्या रुग्णांत घसा आणि स्वरयंत्र आखडल्याने गुदमरण्याचा धोका असू शकतो, असे अमेरिकेतील मानसोपचाराच्या एका मान्यवर नियतकालिकात मांडले. हा प्रकार मान आखडण्यापेक्षा पुष्कळच विरळ आहे. पण वेळीच उपचार न झाल्यास प्राणघातक ठरू शकतो.

थोडासा मार्ग अरुंद झाल्याने इतका फरक का पडतो? रक्तप्रवाहाचा विचार करताना प्वाझय या फ्रेंच डॉक्टरांनी १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांवर प्रयोग केले. त्यांतून असे निघाले, की संथ प्रवाहाला होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, मोठ्या माणसाच्या श्वासमार्गाचा एक अरुंद भाग ८ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याची भिंत सगळीकडून १ मिलिमीटर जाड झाली तर व्यास ६ मिलिमीटर उरेल. ८ भागिले ६, याचा चौथा घात काढा. विरोध तिपटीहून थोडा अधिक झाला. लहान मुलाचा तोच भाग ४ मिलिमीटरचा धरा. तेवढ्याच सुजेने व्यास २ मिलिमीटर उरेल, आणि विरोध सोळापट होईल. हवा खळबळत वाहू लागली म्हणजे परिस्थिती याहूनही वाईट होते.

याचा प्रयोग करायचा असेल तर तो श्वासावर करू नये, पाण्यावर करावा. शहाळ्याबरोबर मिळणारी जाड नळी आणि सरबताच्या खोक्याला चिकटवलेली बारीक नळी घ्या. दोन्हींचे सारख्या लांबीचे तुकडे कापा. प्लास्टिकच्या दोन सारख्या बाटल्यांच्या झाकणांना भोके पाडून त्यांत ते घट्ट बसवा, फटी मेणाने बुजवा. बाटल्यांचे बूड कापून त्या उलट्या धरा, सारखे पाणी भरा आणि रिकामे व्हायला लागणारा वेळ मोजा. उत्तर बरोबर चौथ्या घाताचे येणार नाही, कारण पाणी इथे संथपणे वाहत नाही. पण व्यास निम्मा केल्यावर वेळ नुसता दुप्पट होत नाही, त्याहून पुष्कळच जास्त लागतो, हे मुलांच्या ध्यानात येईल.

खरी सूज कशी असते?

आता पहिल्या अर्थाकडे, ॲलर्जीकडे वळू. जीभ, ओठ, पापण्या किंवा घसा यांना खरोखरीची सूजही येऊ शकते. जर्मन डॉक्टर क्विंके यांनी १८८२ साली तिचे वर्णन केले. वैद्यकात तिला अँजिओएडिमा म्हणतात. येथे स्नायूंचा दोष नसतो. ऊतींमधल्या मास्ट पेशींमधून हिस्टामीन सुटते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, आणि रक्तातील द्रव ऊतींत साठतो. बरोबर अंगावर गांधी उठू शकतात, खाज येते. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया असेल तर दम लागतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हा जीव वाचवणारा उपचार असतो.

अँटिसायकॉटिक औषधांनी अशी सूज आल्याच्या नोंदी आहेत. रिस्पेरिडोन, ओलांझापिन, क्लोझापिन यांच्याबाबत त्या आढळतात, पण अशा घटना विरळ आहेत. दुसरेही एक लक्षात ठेवावे लागते. रक्तदाबासाठी दिली जाणारी एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातली औषधे जिभेच्या आणि ओठांच्या सुजेचे फार परिचित कारण आहेत. तेथे हिस्टामीन नव्हे, तर ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साठतो. म्हणून ॲलर्जीच्या नेहमीच्या औषधांनी ती सूज फारशी उतरत नाही. रुग्ण मनाच्या आजाराची आणि रक्तदाबाची अशी दोन्ही औषधे घेत असेल, तर दोष मनाच्या औषधावर टाकून मोकळे होता येत नाही.

बरे वाटले, पण कशामुळे?

डिस्टोनियावर उपाय काय, हे तराजूच्या चित्रावरून ओळखता येईल. डोपामाईनचे पारडे हलके झाले आहे, तर असिटिलकोलिनचेही थोडे हलके करायचे. असिटिलकोलिनला अडवणारी औषधे, उदाहरणार्थ ट्रायहेक्सिफेनिडिल, यासाठी वापरतात. तातडीच्या वेळी आपल्याकडे प्रोमेथाझिनचे इंजेक्शन पुष्कळ वेळा दिले जाते. साधारण अर्ध्या तासात मान सैल पडते, डोळे खाली येतात, जीभ जागेवर जाते. पाहणाऱ्याला जादू वाटावी इतका हा बदल झटपट होतो.

येथेच एक चूक घडते. प्रोमेथाझिन हे ॲलर्जीवरचे औषध म्हणून सर्वांना माहीत आहे. मग घरचे, आणि कधी कधी दवाखान्यातलेही, असा तर्क करतात: ॲलर्जीचे इंजेक्शन दिले, रुग्ण बरा झाला, म्हणजे ॲलर्जीच होती. हा तर्क चुकीचा आहे. प्रोमेथाझिन दोन कामे करते. ते हिस्टामीनला अडवते, आणि असिटिलकोलिनलाही अडवते. डिस्टोनियात उपयोगी पडते ते त्याचे दुसरे काम. ॲलर्जीवरचे सेटिरिझिन हे औषध हिस्टामीनला अडवते, पण असिटिलकोलिनवर त्याचा प्रभाव जवळजवळ नसतो आणि मेंदूतही ते कमी शिरते. म्हणून डिस्टोनियात त्याचा उपयोग होत नाही. उपाय लागू पडला एवढ्यावरून निदान सिद्ध होत नाही. तो उपाय आणखी कोणती कामे करतो, हे आधी पाहावे लागते. विज्ञान शिकवताना आपण हीच गोष्ट मुलांना वेगवेगळ्या शब्दांत सांगत असतो.

या चुकीची किंमत मोठी असते. रुग्णाच्या कागदावर ‘अमुक औषधाची ॲलर्जी’ असे लिहिले जाते. गुण देणारे औषध कायमचे बाद होते. घरच्यांचा सगळ्याच गोळ्यांवरचा विश्वास उडतो, रुग्णही घाबरतो आणि उपचार थांबतात. आजार पुन्हा उलटतो. डिस्टोनिया ओळखला गेला असता तर मात्रा कमी करून, सोबत दुसरी गोळी देऊन किंवा औषध बदलून उपचार चालू ठेवता आले असते. उलट, खरी ॲलर्जी असताना तिला आचके समजून तेच औषध पुन्हा दिले, तर दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया अधिक गंभीर होऊ शकते. म्हणून फरक दोन्हीकडून महत्त्वाचा आहे.

डिस्टोनिया टाळताही येतो. ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अत्यंत प्रक्षुब्ध अवस्थेतील ३१६ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला नुसते हॅलोपेरिडॉल दिले, दुसऱ्याला हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र. तीव्र डिस्टोनियाचे १० रुग्ण आढळले, आणि ते सर्वच्या सर्व पहिल्या गटातले होते. हीच जोडी आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही तपासली गेली होती. तेथील २०० रुग्णांवरचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. १९५० साली क्लोरप्रोमाझिनचा जन्म ज्या कुळात झाला, त्याच कुळातले प्रोमेथाझिन आज त्या प्रकारच्या औषधांचा त्रास टाळायला उपयोगी पडते.

फरक कसा ओळखावा?

काही खुणा आपल्याला पाहता येतात. आखडण्यात जीभ कडक असते, बहुधा वळलेली किंवा बाहेर ओढलेली असते. त्याबरोबर मान एका बाजूला पिळवटणे, जबडा घट्ट मिटणे किंवा उघडाच राहणे, डोळे वर चढून खाली न येणे, यांपैकी काही ना काही दिसते. त्रास लाटांसारखा कमी-जास्त होतो. औषध सुरू केल्यापासून किंवा मात्रा वाढवल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांतच तो बहुतेकांना होतो. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, विचारलेले त्याला समजते. फेफऱ्याच्या मोठ्या झटक्यात तसे नसते. खऱ्या सुजेत जीभ किंवा ओठ डोळ्यांना मोठे दिसतात, पापण्या फुगतात, गांधी-खाज असू शकते. मान पिळवटत नाही.

त्रास मधेच कमी होतो, घाबरल्यावर वाढतो, थोडा धीर दिल्यावर ओसरल्यासारखा वाटतो, यावरूनच ‘नाटक’ हा शिक्का बसतो. परंतु डिस्टोनियाचा स्वभावच तसा आहे. आधीच ज्याच्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, अशा माणसाने “मला श्वास घेता येत नाही” म्हटले, तर ते दुप्पट लक्ष देऊन ऐकले पाहिजे.

दोन गोष्टी मात्र या पहिल्या काही दिवसांच्या चौकटीत बसत नाहीत. महिनोन् महिने किंवा वर्षे औषध घेतल्यावर काहींची जीभ तोंडात सतत वळवळत राहते, ओठ चघळल्यासारखे हलतात. याला टार्डिव्ह डिस्किनेशिया म्हणतात. त्यावर असिटिलकोलिनविरोधी गोळ्यांचा उपयोग होत नाही, उलट त्रास वाढू शकतो. त्यासाठीची दोन नवी औषधे अमेरिकेत २०१७ साली मान्य झाली. दुसरी गोष्ट गिळण्याची. या औषधांनी गिळण्याची क्रिया मंदावू शकते, आणि क्लोझापिनने रात्री लाळ फार सुटते. घास श्वासमार्गात जाण्याचा धोका त्यामुळे वाढतो. अशा माणसाने सरळ बसून, लहान घास घेऊन, सावकाश जेवावे आणि घरच्यांनी घाई करू नये.

तोपर्यंत आपण काय करायचे?

निदान करणे आपले काम नाही. जीभ, घसा किंवा श्वास यांची तक्रार असेल, तर ती सूज असो की आखडणे, रुग्णाला विलंब न करता दवाखान्यात पोहोचवायचे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणे, बोलता न येणे, ओठ निळसर पडणे ही अतितातडीची चिन्हे आहेत. याच औषधांवर असताना खूप ताप येऊन सगळे शरीर ताठरले, तर तीही वेगळ्या पण तेवढ्याच तातडीच्या आजाराची खूण असते.

वाहन येईपर्यंत माणसाला सरळ किंवा किंचित पुढे झुकून बसू द्यावे. लाळ बाहेर गळू द्यावी. उताणे झोपवू नये. पाणी पाजू नये, तोंडात चमचा घालू नये, जीभ ओढू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. औषधाची पुढची मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. शांत आवाजात सांगावे, की हा औषधाचा परिणाम असू शकतो आणि त्यावर उपाय आहे. सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. उलटीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्याही त्यांत असाव्यात. शेवटची मात्रा किती वाजता घेतली, त्रास कधी सुरू झाला, हे कागदावर लिहून घ्यावे. निदानाला ही टिपणे फार उपयोगी पडतात. शक्य असेल तर मोबाइलवर थोडे चित्रीकरण करावे, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत लाट ओसरलेली असू शकते. ते फक्त डॉक्टरांना दाखवायचे, इतर कुणाला पाठवायचे नाही.

इंजेक्शनने बरे वाटले तरी काम संपत नाही. उतारा शरीरातून लवकर जातो, मूळ औषध जास्त काळ टिकते. त्यामुळे त्रास काही तासांनी पुन्हा येऊ शकतो, आणि डॉक्टर काही दिवस गोळ्या घ्यायला सांगतात. त्या पूर्ण घ्याव्यात. जे औषध महिनाभर टिकणाऱ्या इंजेक्शनाने दिले जाते त्याबाबत तर ही काळजी अधिकच हवी. “नेमके काय झाले होते, ॲलर्जी की डिस्टोनिया?” हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. आणि मूळ उपचार चालू ठेवायचा, थांबवायचा की बदलायचा, हे मानसोपचारतज्ज्ञांबरोबर बसून ठरवावे. घाबरून सगळ्या गोळ्या एकदम फेकून देऊ नयेत.

शाळेत एवढे तरी करता येईल. ज्या मुलाला अशी औषधे चालू आहेत त्याच्या पालकांनी वर्गशिक्षकाला विश्वासात घेतले असेल, तर ती माहिती गुप्त ठेवून औषधाचे नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा दूरध्वनी एका बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे ठेवावा. मात्रा बदलली, की पहिला आठवडा त्या मुलाकडे थोडे जास्त लक्ष असावे. आणि एखाद्या दिवशी ते मूल मान वाकडी करून, बोबड्या शब्दांत “सर, माझी जीभ मोठी झाली” म्हणाले, तर वर्गात हशा पिकू न देता आधी त्याला सरळ बसवावे आणि कुणाला तरी फोनकडे पाठवावे.